आठव्या माळेचं पाणी

"माझ्या पानाच्या डब्यातला चुना उघाडीला फासायला आणलास का गो?" मी मागून विचारलं.

माझी सून नूतन उघाडीच्या दगडावर उकिडवी बसली होती. एका हातात माझी चुन्याची डबी, बोट पांढरं, मांडीवर ते जाड पुस्तक. तिने आधी पाण्याच्या कडेला दगडावर एक रेघ ओढली, मनगटावरचं घड्याळ बघितलं, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि मग म्हणाली, "संपत आला होता, आई. नवा आणते."

"संपत आला होता म्हणून संपवलास. छान केलंस. आणि ह्या रेघा कसल्या? उघाडीला दृष्ट लागू नये म्हणून?"

"पाणी कुठवर चढतं ते बघते. रोज एक रेघ."

"ते मला विचारायचं. गाव विचारतं, तुला लाज वाटते का?"

डबीचं झाकण नीट लावून तिने ती माझ्या हातात दिली. बोट मात्र माझ्यादेखत पुस्तकाच्या पाठीला पुसलं. असली कामं ती मुद्दाम करायची की नकळत, ते मला अजून कळलेलं नाही.

आमचं मांडवखार खाडीच्या काठाला आहे असं लोक म्हणतात, पण खरं म्हणजे ते खाडीच्या पोटातच आहे. भरतीचं पाणी आमच्या शेतांपेक्षा उंच चढतं. मध्ये मातीचा बांध उभा आहे, म्हणून आम्ही भात खातो. त्या बांधाला एक दगडी दार आहे, ती उघाडी. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी ती बाहेर सोडते, भरती आली की फळी आपोआप मिटते आणि खाडीला बाहेर ठेवते. बांधाला भगदाड पडलं तर त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड पडून खारं पाणी शेतात बसलं की ती जमीन तीन वर्षं पेरायची नाही. हे कुठल्या पुस्तकात असेल तर असो. मी ते माझ्या डोळ्यांनी बघितलंय. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी.

ह्या गावात पाण्याची वेळ मी सांगायचे. आधी माझे सासरे सांगायचे, ते गेल्यावर मी. मी दुसरी शिकले, पण आमच्या गुरुजींनी पाऊणकी अशी घोटून घेतली होती की आजही मला झोपेतून उठवा. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. सासऱ्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "सूनबाई, तिथीची पाऊणपट कर, भरतीचा तास हातात येतो." अमावास्येला आणि पुनवेला भरती बाराला. मग रोज पाऊण तास पुढे. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाला. अमावास्या-पुनवेला पाणी उंच चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मऊ असतं, चढत नाही फार आणि उतरतही नाही फार, तो भांग. माझ्या तोंडून वेळ निघाल्याशिवाय मांडवखारात कोणी होडी सोडत नव्हतं की जाळं लावत नव्हतं. ह्याचा मला गर्व होता. असायलाच हवा होता, फुकट मिळाला नव्हता.

नूतन जुन्नरकडची. माझ्या मधूने तिला पुण्याच्या कॉलेजात बघितली आणि घरी आणली. समुद्र तिने लग्नानंतर बघितला. मधू जहाजावर नोकरीला, वर्षातून तीन महिने घरी. बाकी नऊ महिने मी, ती आणि तिची पुस्तकं. सरकारी अधिकाऱ्याची परीक्षा द्यायची होती तिला. त्यात भूगोल होता, आणि त्या भूगोलात भरती-ओहोटी होती. सकाळी भाकरी भाजताना ती पुटपुटायची, "चंद्र आणि सूर्य पृथ्वीशी काटकोनात असतात तेव्हा त्यांची आकर्षणं एकमेकांना मारक ठरतात, म्हणून अष्टमीला भांगाची भरती येते."

"भाकरी काटकोनात जळतेय," मी सांगायचे.

एकदा मीच विचारलं, हा काटकोन म्हणजे काय. तिने जेवणाच्या पाटापुढे तांब्या ठेवला, म्हणाली हा सूर्य. वाटी म्हणजे पृथ्वी. कांदा घेतला, तो चंद्र. कांदा तांब्याच्या रेषेत ठेवला. "दोघे एकाच ओळीत ओढतात, आई. उधाण." मग कांदा बाजूला सरकवला. "आता एक इकडे ओढतो, एक तिकडे. पाणी मध्ये अडकलं. भांग."

"म्हणजे घरात दोन बायका असल्यासारखं," मी म्हटलं.

ती हसली. मग म्हणाली, "एक शंका आहे. पुस्तकात लिहिलंय, भरती रोज पन्नास मिनिटांनी पुढे जाते. तुमच्या पाऊणकीत पंचेचाळीस."

"पाच मिनिटं छापणाऱ्याने खाल्ली असतील."

"नाही. मला वाटतं, तिथी आणि दिवस एकच नाहीत. तिथी दिवसापेक्षा थोडी लहान असते. कधी मोठीही होते. पन्नास हे घड्याळाच्या दिवसाचे आहेत, पंचेचाळीस तिथीचे."

"कांदा चिर," मी म्हटलं. "चंद्राचं पुरे झालं."

हे मी इथे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याच्या आधी ती मला हे सांगून चुकली होती.

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला भर दुपारी बाराच्या उधाणाला बांध फुटला. उघाडीपासून पन्नास पावलांवर, तीन माणसं आडवी झोपतील एवढी खांड. आतल्या अंगाला एक बुटका बांध आहे, त्याने पाणी कसंबसं धरलं. खालची चार शेतं गेली, बाकीची राहिली. पण बुटका बांध भांगाच्या पाण्याला पुरतो. कोजागिरीचं उधाण आलं की ते त्याच्यावरून जाणार हे पोरासोरांनाही कळत होतं. भातात दाणा भरत होता.

मारुतीच्या देवळात गावकी बसली. धर्मानाना गावकीचे पुढारी. मिशा पिकलेल्या, आवाज अजून कोवळा. त्यांनी रीत सांगितली, ती सगळ्यांना पाठ होती: खांडीच्या कामाला दर घरटी एक माणूस. ज्या घराचा माणूस आला नाही त्या घराला उघाडीच्या मासळीचा वाटा नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"वहिनी, दिवस आणि वेळ सांगा."

मी म्हटलं, "भांगाला बांधायची. घटाच्या आठव्या माळेला, गुरुवारी. सकाळी सहाला भरती, बाराला पाणी तळाला. तिथून उलटलं की खांडीच्या उंबऱ्याला लागायला तीन वाजतात. तीनच्या आत तोंड बंद झालं पाहिजे."

"आणि नाही झालं तर?" काशीनाथने विचारलं. ह्याला प्रत्येक गोष्ट उलटी करून बघायची सवय. बाजारातून आणलेली घागरही आधी पालथी करायचा.

"तर मधला चिखल वाहून जाईल, खांड दुप्पट होईल आणि पुन्हा बांधायला दिवस उरणार नाहीत. ओल्या चिखलाला घट्ट व्हायला सहा-सात दिवस लागतात. एकच डाव आहे."

"काकी सांगतात म्हणजे झालं," काशीनाथ म्हणाला, आणि गावकी उठली.

माझ्याकडचा माणूस म्हणजे नूतन. माझा गुडघा तेव्हाच गेलेला. वाटेत ती म्हणाली, "आई, दसऱ्याच्या पुढल्या रविवारी परीक्षा आहे. सोमवारी मी अलिबागला मैत्रिणीकडे जाणार होते. आठवडाभर अभ्यास होईल."

"खांड बांधली गेली तर जा."

"आणि नाही गेली तर?"

"तू काशीनाथच्या ओळीला बसलीस का? नाही गेली तर कोजागिरीपर्यंत रोज प्रत्येक घराचा माणूस बुटक्या बांधावर माती टाकत उभा राहील. ह्या घरात माणूस एकच आहे. तो घरीच राहील."

तिने मान हलवली. रडली नाही, रुसली नाही. तिचं एक असं होतं, नाही ऐकलं की ती दुसऱ्या बाजूने कामाला लागायची. रोज सकाळ-संध्याकाळ उघाडीवर जायला लागली. चुना बाजारातून आणला, स्वतःच्या डबीत ठेवला.

आता घटाचं सांगायला हवं. आमच्या घरात घट बसतो. पहिल्या दिवशी मातीत धान्य पेरायचं, वर कलश, आणि रोज एक फुलांची माळ वरून सोडायची. माळ बांधायचा मान घरच्या बाईचा. सासूबाई गेल्यापासून तो माझा. झेंडू आणि कुर्डूची फुलं मी स्वतः ओवायचे, सुनेला सुईला हात लावू दिला नव्हता. नवरात्रात मला तिथी विचारायला कुठे जावं लागत नाही. आज कितवी माळ, तेवढी तिथी. चौथी माळ, चतुर्थी. आठवी माळ, अष्टमी. तीस वर्षं अशीच वेळ सांगत आले आणि तीस वर्षं पाणी माझं ऐकत आलं.

मात्र दर वर्षी अमावास्येला पलीकडच्या गावचे जोशीबुवा बांधावरून चालत यायचे. दक्षिणा घ्यायचे, चहा प्यायचे आणि जाताना सांगून जायचे, यंदा नऊ माळा, किंवा यंदा आठ, किंवा यंदा एक जास्त बांधा, अमकी तिथी दोन दिवस आहे. त्या वर्षी बांधच फुटलेला. बुवा आले नाहीत. आणि ते आले नाहीत हे माझ्या ध्यानातही आलं नाही. खांडीपुढे बुवा कोणाला आठवतात?

बुधवारी सातवी माळ बांधून झाली. दुपारी नूतन माझ्यासमोर येऊन बसली. हातात पुस्तक, पुठ्ठ्यावर आकडे.

"आई, उद्या सप्तमी आहे."

"उद्या आठवी माळ आहे."

"आठवी माळ आहे. पण तिथी सप्तमी. यंदा चतुर्थी दोन दिवस होती. कॅलेंडरात दिलंय."

"कॅलेंडर मुंबईत छापतात. समुद्र इथे आहे."

"म्हणूनच मी समुद्राला विचारलं." तिने पुठ्ठा माझ्याकडे वळवला. मला आकडे वाचता येतात, पण मी बघितलं नाही. "रोज भरती किती वाजता वर येऊन थांबते ते लिहिलंय. आज सकाळी साडेचारला थांबली. सहा पाऊण साडेचार. षष्ठीचं पाणी आहे हे. उद्या सकाळी सव्वापाच होतील, सहा नाही. म्हणजे दुपारचं पाणीही पाऊण तास आधी उलटेल. तीनला नाही, सव्वादोनलाच उंबऱ्याला लागेल."

"पहाटे साडेचारला तू उघाडीवर होतीस?"

"अभ्यासाला उठतेच."

"तुझ्या त्या रेघांना काय कळतं? पावसाचं पाणी आतून येतंय, वारा आहे. तीस वर्षांत माझी वेळ चुकली नाही."

"दसरा कधी आहे, आई?"

"रविवारी. सगळ्या जगाला माहीत आहे."

"मग उद्या गुरुवारी आठवी, शुक्रवारी नववी. शनिवारी कितवी?"

मी बोटांवर मोजलं. नऊ माळा शुक्रवारीच संपत होत्या. खरं सांगते, त्या घटकेला मलाही शंका आली. पण समोर बसली होती ती जुन्नरची, दोन वर्षांपूर्वी समुद्र बघितलेली, आणि मी होते मी.

"शनिवारचं मी शनिवारी बघेन," मी म्हटलं. "आणि हे गावकीत बोललीस तर बघ. सुनेने सासूची वेळ खोटी पाडली असं ह्या घरात व्हायचं नाही."

"मला खोटी पाडायची नाही. काम लवकर सुरू करा एवढंच सांगा. तुमच्या तोंडाने सांगा."

"ऊठ," मी म्हटलं.

ती उठली. जाताना पुस्तक माझ्या पाटाशी ठेवून गेली, पुठ्ठा वर करून. मी ते तिथून हलवलं नाही आणि त्याच्याकडे बघितलंही नाही. पण जेवताना ताट दुसऱ्या बाजूला घेऊन बसले.

गुरुवारी सकाळी आठवी माळ सोडली आणि भाकऱ्यांची टोपली घेऊन बांधावर गेले. गाव आलेलं होतं. बेचाळीस घरं, बेचाळीस माणसं. खांडीच्या दोन्ही अंगांनी बांबू ठोकलेले, त्यांना पेंढ्याचे जाड वळे विणलेले. खाडीच्या काठचा निळा चिखल फावड्याने कापायचा, त्याचे डोक्याएवढे गोळे करायचे आणि हातोहात पुढे द्यायचे. शेवटचा माणूस गोळा खांडीत आपटायचा आणि पायाने तुडवायचा. नूतन ओळीत नवव्या नंबरला उभी होती, साडी खोचलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल. पलीकडच्या बाईला ती म्हणाली, "ताई, थोडं भरभर द्या ना." ती बाई म्हणाली, "घाई काय, तीन वाजायचेत." नूतनच्या हातात गोळा थांबेनासा झाला.

मी उघाडीच्या दगडावर बसले. तिच्या रेघा खाली दिसत होत्या, एकाखाली एक, पांढऱ्या.

बारा वाजता धर्मानानांनी हाळी दिली. दोन्ही बाजू झाल्या होत्या, मधलं तोंड राहिलं होतं, दोन हात रुंद. "भाकरी खाऊन घ्या. एकपर्यंत विसावा. मग एका दमात मधलं तोंड." लोक बांधावर बसले. कोणी चुळा भरल्या, कोणी पानं काढली. काशीनाथ माझ्याजवळ येऊन भाकरी घेत म्हणाला, "काकी, पाणी अगदी तळाला गेलंय. तुमच्या शब्दाप्रमाणे."

मी पाण्याकडे बघितलं.

बाराला पाणी तळाला असतं तेव्हा ते मरगळतं. वरचा कचरा जागच्या जागी फिरत राहतो, इकडे नाही आणि तिकडे नाही. माझ्या सासऱ्यांनी मला हेच आधी शिकवलं होतं, पाऊणकीच्याही आधी. त्या दिवशी खाडीवर पेंढ्याची एक काडी तरंगत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. ती फिरत नव्हती. ती आत निघाली होती. सरळ, ठरवल्यासारखी, बांधाच्या दिशेने. मी उघाडीचा दगड बघितला. नूतनची सगळ्यात खालची रेघ, मघाशी उघडी दिसत होती ती, पाण्याखाली गेलेली होती.

पाणी उलटून पाऊण तास झाला होता.

मी नूतनकडे बघितलं. ती भाकरी हातात घेऊन उभीच होती, खात नव्हती, आणि माझ्याकडेच बघत होती. बेचाळीस माणसांत एकट्या तिला ठाऊक होतं. ती ओरडली असती तर मी तिला दोष देऊ शकले नसते. तिच्या सोमवारचं काय होणार ते त्या दोन हात रुंद तोंडावर होतं. पण ती गप्प राहिली. माझ्या तोंडाने सांगा म्हणाली होती, ते ती अजून धरून होती.

माझ्या मनात काय आलं ते लिहिते, कारण आता लाज वाटायचं वय गेलं. मनात आलं, गप्प बसावं. एकदम पाणी चढलं, वारा होता, असं म्हणता येईल. लोक मानतील. माझी तीस वर्षं राहतील. जातील ती शेतं, आणि राहील घरी ती.

मग मी उठले.

"धर्मानाना," मी म्हटलं. "विसावा नको. माझी वेळ चुकलीय."

लोकांना वाटलं मी थट्टा करते. काशीनाथ म्हणाला, "काकींची वेळ चुकली म्हणजे?"

"म्हणजे चुकली. पाणी सव्वाअकरालाच उलटलंय. तीनला नाही, सव्वादोनला उंबऱ्याला लागेल. यंदा चतुर्थी दोन होत्या, मी एकच धरली. आज अष्टमी नाही, सप्तमी आहे. भाकरी उभ्याने खा, नाहीतर तीन वर्षं विकतची खा."

कोणी हललं नाही. तीस वर्षं ज्या तोंडाने वेळ सांगितली तेच तोंड आता चूक म्हणत होतं. कुठलं खरं मानायचं ते त्यांना कळेना. धर्मानाना हळूच म्हणाले, "वहिनी, नक्की ना? लोक पाच तास उभे आहेत."

"नूतनने मला काल सांगितलं होतं," मी म्हटलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. "मी ऐकलं नाही. तिच्याकडे आठ दिवसांचं पाणी लिहिलेलं आहे. मला विचारू नका, तिला विचारा."

धर्मानानांनी तिच्याकडे बघितलं. "बाळ, किती वेळ आहे?"

नूतनने घड्याळ बघितलं. "बारा वाजून दहा झालेत. दोन तास पाच मिनिटं. शेवटची पंधरा मिनिटं तुडवायला ठेवा."

"पन्नास मिनिटांचा विसावा वाचला की," काशीनाथ म्हणाला, भाकरी तोंडात कोंबली आणि फावडं घेऊन चिखलात उतरला. त्याचं एवढं मात्र मानते. उलटं बघून झालं की तो सुलट कामाला लागायचा.

ओळ पुन्हा उभी राहिली. मी चपला काढल्या आणि नूतनच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"आई, तुमचा गुडघा."

"गुडघा माझा आहे. गोळा दे."

दोन तास मी तिच्या हातातून गोळा घेतला आणि पुढे दिला. ती मध्ये मध्ये वेळ सांगायची, मोठ्याने, सगळ्या ओळीला. "एक वाजला." "दीड." "एक पन्नास." आवाज बिलकुल चढवला नाही. मला एकदा म्हणाली, "आई, बसा थोडं," आणि मी म्हटलं, "तू तुझी वेळ सांग." दोन वाजता शेवटचा पेंढ्याचा वळा आत बसला. धर्मानाना आणि आठ-दहा बाप्ये मधल्या तोंडावर चढून तुडवायला लागले, खांद्यावर हात ठेवून, लग्नात नाचतात तसे. बायका वर चिखल फेकत होत्या. सव्वादोनला खाडीचं पाणी खांडीच्या उंबऱ्याला लागलं. बाजूबाजूने झिरपलं, तिथे नूतनने दोन गोळे गुडघ्याने दाबले. मग पाणी वर वर आलं, नव्या चिखलाला टेकलं, आणि टेकूनच राहिलं.

सगळे उभे होते तिथेच बसले. काशीनाथ आडवा झाला आणि आभाळाकडे बघत म्हणाला, "काकी, तीन वाजता सांगा, मी उठतो."

"तीन वाजता पाणी तुझ्या मिशांपर्यंत असतं," मी म्हटलं. लोक हसले. मी पण हसले, पण मला ते सोपं गेलं नाही. घरी जाताना धर्मानाना माझ्या बाजूने चालत होते, म्हणाले, "वहिनी, पुढल्या वेळीही वेळ तुम्हीच सांगा." मी म्हटलं, "आधी तिला विचारून सांगेन." त्यांनी मान हलवली, जसं काही मी रोजचंच बोलले होते.

कोजागिरीचं उधाण बांधाला घासून गेलं. भात आलं. नूतन त्या सोमवारी अलिबागला गेली, रविवारी परीक्षेला बसली आणि नापास झाली. चार मार्कांनी. पुढल्या वर्षी पुन्हा बसली, पास झाली. आज ती मोठी अधिकारी आहे, पार विदर्भात, जिथे समुद्राचा थेंब नाही. मी तिला म्हणते, सरकारला अक्कल असती तर तुला खाडीवर ठेवलं असतं. ती दर सर्वपित्रीला फोन करते आणि जोशीबुवा सांगायचे तेच सांगते.

पण मला सांगायचं होतं ते त्या शनिवारचं.

शुक्रवारी नववी माळ मी बांधली. शनिवारी सकाळी उठले, फुलं आणली, ताटात झेंडू आणि कुर्डू वेगळे केले, सुईत दोरा ओवला. घटावर नऊ माळा लोंबत होत्या, पहिली पार सुकलेली. दसरा दुसऱ्या दिवशी होता. नूतन दाराशी उभी राहिली, आत आली नाही. शनिवारी कितवी, हे तिचं बुधवारीच विचारून झालं होतं.

मी सुई तिच्यासमोर धरली.

"दहावी तू बांध."

"मला नाही बांधता येत, आई."

"का, पुस्तकात नाही का?"

ती खाली बसली. फुलं ओवायला तिला माझ्यापेक्षा तिप्पट वेळ लागला. मध्ये एकदा बोट टोचून घेतलं, कुर्डू उलटा ओवला. मग घटावर माळ सोडली आणि वर गाठ मारली. गाठ तिरपी बसली, माळ इतर नऊ माळांपेक्षा एक बोट खाली लोंबली. तिने माझ्याकडे बघितलं.

मी ती सोडून पुन्हा बांधली नाही.